लॅपटॉपवर चालणाऱ्या लिंक सर्व्हरवर का तुटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या वाचनालयासाठी तुम्ही हाताने एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) लिहून पाच पानांची साधी वेबसाइट केली आहे. मुख्य पान, पुस्तकांची यादी, सभासदत्व, कार्यक्रम आणि संपर्क. लॅपटॉपवर सगळं नीट उघडतं, होस्टिंगवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेवर) चढवल्यावर मात्र काही लिंक ‘४०४’, म्हणजे पान नाही, असं दाखवतात आणि एक तर दाबली तरी हलत नाही. अशा तुटक्या लिंकच्या तीन ओळीही तुम्ही पाठवल्या आहेत. सोबत आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत: बाहेरच्या साइट नव्या टॅबमध्ये उघडाव्यात का, फाइलची नावं मराठीत ठेवली तर चालतील का, आणि फोन-व्हॉट्सअॅपच्या लिंक कशा द्यायच्या.

आधी निदान सांगतो. तुमचा टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, बरोबर आहे, चुकलाय तो अवतरणचिन्हांच्या आतला पत्ता. लोकांच्या साइट दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुटलेली लिंक समोर आली की बहुतेक वेळा हेच निघतं. टॅग शिकायला पाच मिनिटं पुरतात. पत्ता ब्राउझर कसा वाचतो हे मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून या उत्तरात जास्त जागा मी त्याला देणार आहे.

एक सूचना: कोडमधली इंग्रजी अक्षरं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची.

लिंकचा सांगाडा असा:

<ए एचरेफ="यादी.एचटीएमएल">पुस्तकांची यादी</ए>

‘ए’ म्हणजे अँकर. ‘एचरेफ’ म्हणजे एच, आर, ई, एफ ही चार अक्षरं; त्यापुढच्या अवतरणात जायचा पत्ता. मधला मजकूर वाचकाला दिसतो आणि तोच दाबता येतो. शेवटी तिरक्या रेघेचा टॅग लिंक बंद करतो. तो विसरलात तर पुढचा बराचसा मजकूर लिंक होऊन बसतो, त्यामुळे अर्धं पान अचानक निळं आणि अधोरेखित दिसलं तर शोधाशोध करू नका, आधी हा टॅग पाहा. एका लिंकच्या पोटात दुसरी लिंक चालत नाही. आत चित्र, मथळा किंवा अख्खा परिच्छेद ठेवला तर मात्र चालतं.

तुमच्या तीन ओळी

पहिली सभासदत्वाची. तिचा पत्ता ‘फाइल:///सी:/’ असा सुरू होतो आणि पुढे तुमच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरांची सगळी माळ आहे. फाइल ब्राउझरमध्ये उघडून वरचा पत्ता कॉपी केला की असं होतं. हा पत्ता फक्त तुमच्या यंत्रावर खरा आहे. वाचकाच्या लॅपटॉपवर त्या जागी काही नाही, आणि इंटरनेटवरच्या पानाला वाचकाच्या हार्ड डिस्कमधली फाइल उघडायला ब्राउझर सुरक्षेसाठी परवानगीच देत नाहीत. ‘दाबली तरी हलत नाही’ ती हीच. तिथे फक्त ‘सभासद.एचटीएमएल’ एवढंच लिहा.

दुसरी पुस्तकांच्या यादीची. फाइलचं पहिलं अक्षर मोठं आहे, म्हणजे कॅपिटल, आणि लिंकमध्ये ते लहान आहे. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून घरी पान उघडलं. बहुतेक स्वस्त होस्टिंग लिनक्सवर चालतं आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. सर्व्हरने लहान अक्षराची फाइल शोधली, मिळाली नाही, ४०४ दिलं. चित्रांच्या फाइलींचंही हेच: मोबाइल आणि कॅमेरे बरेचदा ‘जेपीजी’ ही शेपटी कॅपिटलमध्ये लावतात, आपण लहान अक्षरांत टाइप करतो. यावर एकच नियम करून टाका आणि कायमचा पाळा. सगळी नावं लहान अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता आडवी रेघ, बाकी काही नाही.

तिसरी बाहेरच्या साइटची. तिचा पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’पासून सुरू केलाय, आधी ‘एचटीटीपीएस://’ नाही. ती लॅपटॉपवरही तुटलेलीच असणार, बाहेरची म्हणून तपासायची राहिली असेल. अॅड्रेस बारमध्ये आपण एचटीटीपीएस न लिहिता साइट उघडतो, त्यामुळे लिंकमध्येही चालेल असं वाटतं. पण लिंकमध्ये ते नसेल तर ब्राउझर समजतो की तुमच्याच साइटमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट अमुक डॉट इन’ नावाची एक फाइल आहे, आणि तिथे जातो.

यातून एक सवय लावून घ्या. ४०४ आलं की पान लगेच बंद करू नका, वरचा अॅड्रेस बार शांतपणे वाचा. ब्राउझर नेमका कुठे गेला होता ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, पुढे दुसऱ्याचं डोमेन चिकटलेलं दिसलं, तर एचटीटीपीएस राहिलंय. एखाद्या फोल्डरचं नाव दोनदा आलंय, तर सापेक्ष पत्ता चुकलाय. पत्त्यात ‘टक्का २०’ दिसलं, तर नावात मोकळी जागा शिरली आहे. आणि एक फार चकवणारा प्रकार: पत्त्यात फाइलच्या नावाआधी ‘टक्का ई२, टक्का ८०, टक्का ९सी’ आणि नंतर ‘९डी’वर संपणारी तशीच त्रयी. ही वळणदार अवतरणचिन्हं आहेत. कोड वर्डमध्ये लिहिला किंवा कुणी मेसेजमधून पाठवला की सरळ अवतरणं आपोआप वळणदार होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, ब्राउझर मात्र ती अवतरणं न मानता फाइलच्या नावाचाच भाग मानतो. कोड नेहमी साध्या एडिटरमध्ये लिहा; नोटपॅड चालेल, व्हीएस कोड उत्तम.

‘४०४’ आणि ‘साइट सापडत नाही’ यांतही फरक आहे. ४०४ म्हणजे सर्व्हर सापडला, त्याने उत्तर दिलं, ते पान त्याच्याकडे नाही. साइटच सापडत नसेल तर डोमेनचं स्पेलिंग तपासा.

पत्ता कुठून मोजायचा

आता मुख्य मुद्दा. पत्ता लिहिण्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पूर्ण पत्ता ‘एचटीटीपीएस://’ने सुरू होतो. तो कुठल्याही पानावरून एकाच ठिकाणी नेतो. बाहेरच्या साइटसाठी हाच.

सापेक्ष पत्ता आपण आत्ता ज्या पानावर आहोत तिथून मोजला जातो. ‘चौकातून डावीकडे, मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता चौकात उभ्या असलेल्याला बरोबर पोचवतो, स्टँडवर उतरलेल्याला नाही. सापेक्ष लिंकचं तसंच आहे. ब्राउझर करतो ते अगदी यांत्रिक आहे: सध्याच्या पानाचा पत्ता घेतो, शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचं सगळं खोडतो आणि तुम्ही दिलेलं नाव तिथे जोडतो. एवढंच. हा एक नियम डोक्यात बसला की कोडं उरत नाही.

आज तुमची पाचही पानं एकाच फोल्डरमध्ये आहेत, म्हणून नुसतं फाइलचं नाव पुरतं. पण पुढच्या वर्षी कार्यक्रमांची पानं वाढतील, आणि तुम्ही ‘कार्यक्रम’ फोल्डर करून त्यात ‘२०२४’, ‘२०२५’ असे पोटफोल्डर कराल. मग मुख्य पानावरचा मेनू उचलून त्या पानांवर चिकटवाल, आणि मेनूतली प्रत्येक लिंक तुटेल. समजा तुम्ही ‘/कार्यक्रम/२०२४/दिवाळी.एचटीएमएल’ या पानावर आहात आणि मेनूत ‘यादी.एचटीएमएल’ आहे. शेवटच्या रेघेनंतरचं ‘दिवाळी.एचटीएमएल’ खोडलं, ‘यादी.एचटीएमएल’ जोडलं, पत्ता झाला ‘/कार्यक्रम/२०२४/यादी.एचटीएमएल’. तिथे यादी नाही. ती दोन पायऱ्या वर आहे. एक पायरी वर जायला दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, म्हणजे ‘../’. दोन पायऱ्यांसाठी ‘../../यादी.एचटीएमएल’.

मेनू प्रत्येक पानावर तोच हवा असतो, आणि पानाच्या खोलीनुसार टिंबं मोजत बसणं कुणालाच जमत नाही. त्यासाठी तिसरी तऱ्हा: पत्त्याची सुरुवातच तिरक्या रेघेने करायची, ‘/यादी.एचटीएमएल’. याचा अर्थ साइटच्या मुळापासून मोज. कुठल्याही पानावरून तो एकाच जागी जातो, आणि उद्या डोमेन बदललं तरी बदलावा लागत नाही. मेनू आणि तळटीपेतल्या लिंकसाठी मी हाच वापरतो. एकाच विषयाच्या शेजारच्या पानांमध्ये साधा सापेक्ष पत्ता बरा, कारण तो फोल्डर अख्खा उचलून दुसरीकडे नेला तरी आतल्या लिंक शाबूत राहतात.

मुळापासूनच्या पत्त्याच्या दोन अडचणी आहेत आणि दोन्हींत नवखे हमखास अडकतात. फाइलवर डबलक्लिक करून पान उघडलं की ‘मूळ’ म्हणजे अख्खी सी ड्राइव्ह होते, त्यामुळे घरी या लिंक चालत नाहीत आणि माणूस बरोबर कोड खोडून चुकीचा लिहितो. उपाय असा की डबलक्लिकने पानं तपासायचीच नाहीत. व्हीएस कोडमध्ये लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते तुमच्या फोल्डरला लॅपटॉपवरच खऱ्या सर्व्हरसारखं वागवतं. लॅपटॉपवर पायथन असेल तर त्याच्याबरोबर येणारा छोटा सर्व्हर एका ओळीच्या आज्ञेने सुरू होतो आणि पोर्ट ८००० वर साइट दिसते. लहान-मोठ्या अक्षरांची चूक यातही विंडोजवर लपून राहते, म्हणून नावांचा नियम वेगळा पाळायचाच. दुसरी अडचण गिटहब पेजेसची. तिथे फुकट जागा मिळते म्हणून अनेक जण साइट ठेवतात, पण प्रोजेक्टची साइट तुमच्या नावाच्या डोमेनखाली एका पोटफोल्डरमध्ये बसते. मग ‘/यादी.एचटीएमएल’ पोटफोल्डरच्या बाहेर जाऊन शोधायला लागतो. स्वतःचं डोमेन जोडलं की हा त्रास संपतो. तोवर सापेक्ष पत्ते वापरा.

पत्त्यातली रेघ नेहमी पुढे झुकलेली. विंडोजच्या फोल्डरांत दिसते ती उलटी रेघ वेबच्या पत्त्यात लिहू नका. काही ब्राउझर ती पोटात घालतात, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

दुसऱ्याची लिंक आणि आपली जबाबदारी

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकने एकमेकांना जोडलेला मजकूर, ही कल्पना नवी नव्हती. टेड नेल्सन यांनी तो शब्द १९६० च्या दशकातच दिला होता, आणि त्यांना हवी होती दोन्ही बाजूंनी जोडलेली, कधी न तुटणारी लिंक. काही जुन्या प्रणालींमध्ये सगळ्या लिंकची मध्यवर्ती नोंद असायची. बर्नर्स-लींनी हे बंधन सोडून दिलं. वेबवर कुणीही कुणाच्याही पानाला, न विचारता, न नोंदवता लिंक देऊ शकतो. तालुक्याच्या वाचनालयाला जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या पानाकडे बोट दाखवता येतं ते या निर्णयामुळे. त्याची किंमत ४०४ ही आहे: समोरच्याने पान हलवलं तर तुम्हाला कुणी कळवत नाही.

ही किंमत किती मोठी आहे याचा अंदाज प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या अभ्यासातून येतो. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. वाचनालयाच्या साइटला हे जास्त लागू आहे, कारण तिथे लोक पाच-दहा वर्षांनीही जुनं काही शोधत येतात आणि त्यांना ते मिळालं पाहिजे.

म्हणून बाहेरची लिंक देताना तिच्या आधाराशिवायही वाचकाला वस्तू शोधता येईल एवढी माहिती मजकुरात लिहा. शासन निर्णयाला लिंक देताय, तर विभागाचं नाव, तारीख आणि सांकेतांक मजकुरात हवा. ‘शासनाचा नवा जीआर’ एवढंच लिहून लिंक दिलीत आणि ती तुटली, तर मागे काहीच उरत नाही. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’ असं पूर्ण नाव लिहिलं असेल, तर पत्ता मेला तरी वाचक शोधून काढतो. महत्त्वाच्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आधीच जतन करून ठेवता येते. तिथे पत्ता टाकून पान साठवायची सोय सगळ्यांना खुली आहे.

गूगल ड्राइव्हवरच्या पीडीएफबद्दल वेगळं सांगतो, कारण वाचनालयं, शाळा, सोसायट्या सगळे अहवाल तिथेच ठेवतात. ड्राइव्हवरची फाइल आपल्याला नेहमीच उघडते, कारण आपण आपल्या खात्यात असतो. वाचकाला मात्र ‘परवानगी मागा’ असं पान दिसतं. शेअरिंग ‘लिंक असलेल्या कुणालाही’ असं करा, आणि मग इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. त्याहून चांगलं म्हणजे पीडीएफ आपल्याच सर्व्हरवर एका ‘अहवाल’ फोल्डरमध्ये ठेवणं. ज्याच्या खात्यावर ती फाइल आहे तो कार्यकारिणीतून गेला की ड्राइव्हची लिंक त्याच्याबरोबर जाते.

लिंकचे शब्द

‘सभासदत्वाच्या फॉर्मसाठी येथे क्लिक करा’. मराठी साइटवर हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते पुसून टाकावं असं मला मनापासून वाटतं. सगळे वाचक ओळीनं वाचत नाहीत. जे दृष्टिहीन वाचक एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात, ते बरेचदा पानावरच्या सगळ्या लिंकची यादी काढतात आणि तीच ऐकतात. तुमच्या पानाची यादी त्यांना कशी ऐकू येईल? ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे.’ एनव्हीडीए फुकट मिळतो, त्यासोबतचा आवाज मराठीही वाचतो. एकदा बसवून इन्सर्ट आणि एफ७ दाबा, लिंकची यादी उघडेल. आपलं पान असं ऐकलं की पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

लिंकचे शब्द वाक्यातून सुटे काढले तरी कळले पाहिजेत, एवढी कसोटी पुरे. ‘सभासदत्वाचा फॉर्म’ ही लिंक. ‘वार्षिक अहवाल २०२३-२४, पीडीएफ, २ एमबी’ ही उत्तम लिंक. गावात नेट मंद असतं, वाचकाला दाबण्याआधी कळतं की काय उतरणार आहे आणि केवढं. क्रियापद लिंकमध्ये घ्यायची गरज नसते. दाबायचं असतं हे लोकांना माहीत आहे.

चित्राला लिंक केली असेल तर चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे ‘ऑल्ट’, हाच लिंकचा मजकूर होतो. वाचनालयाच्या बोधचिन्हावर मुख्य पानाची लिंक असेल आणि ऑल्ट रिकामा असेल, तर स्क्रीन रीडर फाइलचं नाव किंवा पत्ताच वाचत बसतो. तिथे ‘वाचनालय, मुख्य पान’ असं लिहा.

परिच्छेदातल्या लिंकचं अधोरेखन काढू नका. रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांना नुसत्या रंगाने लिंक कळत नाही, आणि उन्हात मोबाइल धरलेल्या कुणालाच कळत नाही. उलट, लिंक नसलेला मजकूर कधी अधोरेखित करू नका. मेनूत अधोरेखन नसलं तरी चालतं, कारण तिथे जागेवरूनच ओळख पटते. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) रंग ठरवताना क्रम पाळा: आधी ‘लिंक’, मग ‘व्हिजिटेड’, मग ‘हॉवर’, ‘फोकस’ आणि शेवटी ‘अॅक्टिव्ह’. क्रम उलटला तर नंतरचा नियम आधीच्यावर बसतो आणि भेट दिलेल्या लिंकवर माउस नेला तरी रंग बदलत नाही. कीबोर्डने फिरणाऱ्यांसाठी फोकसची चौकट ठेवाच. मोबाइलवर बोटाला जागा हवी: सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या मानकात किमान २४ पिक्सेल लांबी-रुंदी सांगितली आहे. मी मेनूला ४४ च्या आसपास देतो, वयस्कर वाचकांचा हात थोडा थरथरतो.

फाइलची नावं मराठीत?

चालतात, पण ठेवू नका. मजकूर मराठीत, शीर्षक मराठीत, लिंकचे शब्द मराठीत, पण फाइल आणि फोल्डर रोमन अक्षरांत. वर मी सोयीसाठी देवनागरीत लिहिलेली नावंही तशीच समजा.

कारण पाहा. पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की ते पडद्यामागे टक्क्याच्या चिन्हांत बदलतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला ३ अक्षरं लागतात. ‘पुणे’मध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ३६ अक्षरं. मराठी विकिपीडियाची लिंक मेसेजमध्ये चिकटवल्यावर जी लांबच लांब टक्क्यांची माळ दिसते ती हीच. छापील पत्रकावर असा पत्ता देता येत नाही.

त्याहून अवघड गोष्ट दिसत नाही ती. तुमच्या यादीत ‘कादंबऱ्या’ हा विभाग आहे. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे. पण पहिल्या तऱ्हेने शब्द ९ चिन्हांचा होतो, दुसऱ्या तऱ्हेने १० चिन्हांचा, आणि कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. फाइल एका कीबोर्डवरून नाव दिलेली आणि लिंक दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलेली असेल, तर ४०४ येईल आणि डोळे फाडून पाहिलं तरी चूक दिसणार नाही. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, कुठेही हे होऊ शकतं.

पानाच्या आतल्या लिंकलाही हेच लागू आहे. लांब यादीत वरून थेट कादंबऱ्यांवर उडी मारायची असेल तर त्या मथळ्याला ‘आयडी’ द्यायचा आणि लिंकमध्ये # चिन्हापुढे तोच आयडी लिहायचा. आयडी रोमनमध्ये, मोकळ्या जागेशिवाय, पानावर एकदाच. दुसऱ्या पानावरून तिथे जायचं तर ‘यादी.एचटीएमएल#कादंबरी’. पुस्तकांच्या यादीला ही सोय फार उपयोगी आहे. प्रत्येक विभागानंतर ‘यादीच्या सुरुवातीला’ अशी लिंकही ठेवा.

डोमेन मात्र देवनागरीत घेता येतं. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीलाही चालतं. हौस असेल तर जरूर घ्या, पण रोमन डोमेनला जोड म्हणून.

नवा टॅब, फोन, व्हॉट्सअॅप

नव्या टॅबबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. नवा टॅब उघडायचा की नाही हे वाचक स्वतः ठरवू शकतो. मोबाइलवर नवा टॅब उघडला की ‘मागे’ दाबून वाचनालयाच्या पानावर परत येता येत नाही, आणि कॉम्प्युटरची सवय नसलेला माणूस तिथेच अडकतो. अपवाद एकच, वाचक फॉर्म भरता भरता मध्येच नियमावली पाहणार असेल तर. तिथे ‘टार्गेट’ला ‘_ब्लँक’ द्या, ‘रेल’मध्ये ‘नोओपनर’ लिहा आणि लिंकच्या शब्दांतच ‘नव्या टॅबमध्ये’ असं सांगा. ‘नोओपनर’मुळे उघडलेल्या साइटला तुमच्या पानावर ताबा मिळत नाही. आताचे ब्राउझर हे आपोआप करतात, जुन्या मोबाइलसाठी लिहिलेलं बरं.

फोनसाठी एचरेफमध्ये ‘टेल:’ आणि पुढे +९१ सह नंबर, मधे जागा न सोडता. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडचा पहिला शून्य गाळायचा. पुण्याचा ०२० हा +९१२० होतो. दिसणाऱ्या मजकुरात नंबर नेहमीसारखा लिहा. व्हॉट्सअॅपसाठी ‘डब्ल्यूए.एमई’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ९१ सह दहा आकडे, इथे अधिकचं चिन्ह नको, शून्यही नको. ईमेलला ‘मेलटू:’. कॉम्प्युटरवर मेलचं अॅप बसवलेलं नसेल तर ही लिंक काहीच करत नाही, म्हणून ईमेल पत्ता अक्षरांत दिसू द्या. देणगीसाठी यूपीआयची लिंक करता येते, पण ती मोबाइलवरच आणि यूपीआय अॅप असेल तरच उघडते. शेजारी यूपीआय आयडी आणि क्यूआर हवाच.

दुरुस्ती करताना एक गोष्ट आधी करा. यादीच्या फाइलचं नाव बदलण्यापूर्वी विचार करा की मोठ्या अक्षराचा जुना पत्ता कुणाला पाठवला होता का. सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तो गेला असेल तर नाव बदलताच त्या सगळ्यांसाठी लिंक तुटेल. तुमच्या होस्टिंगवर अपाचे हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर मूळ फोल्डरमध्ये ‘.एचटीअॅक्सेस’ नावाची फाइल ठेवून तिच्यात एक ओळ लिहा: ‘रीडायरेक्ट ३०१’, मग जुना पत्ता, मग नवा. ३०१ म्हणजे पान कायमचं हललं आहे. ब्राउझर वाचकाला आपोआप नव्या जागी नेतो आणि शोधयंत्रंही नवा पत्ता नोंदवतात. ते झालं की डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या लिंक चेकरमध्ये एकेका पानाचा पत्ता टाकून त्यावरच्या सगळ्या लिंक एकदम तपासून घ्या, आणि लाल दिसतील त्या इथे विचारा.